नवी फ्लाय लाइन रिळावर चढवताना

साध्या गरीला शिसे बांधलेले असते आणि त्या शिशाच्या वजनावर दोरी पाण्यात दूर जाते. फ्लाय फिशिंगमध्ये गळावर पिसे आणि दोरा गुंडाळून केलेला कीटक इतका हलका असतो की तो फेकला तरी हातभर अंतरावरच पडतो. त्याला नदीच्या पलीकडच्या काठापर्यंत नेते ती जाड, निमुळती आणि प्लॅस्टिकचे वेष्टन असलेली फ्लाय लाइन. म्हणजे या प्रकारात फेकायची वस्तू लाइन हीच असते. तिला पीळ पडला, तिच्यावर वेटोळ्यांचा आकार कायमचा बसला किंवा ती रिळात घट्ट कोंबली गेली, तर उत्तम काठी हातात असूनही फेक बिघडते. चांगली लाइन काही हजार रुपयांना पडते. परदेशात दुकानदारच ती रिळावर चढवून देतो, पण तीर्थन किंवा बास्पा नदीवर ट्राउटसाठी, नाहीतर रामगंगेवर महसीरसाठी जाणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेकांना हे काम घरी स्वतःच करावे लागते. ते अवघड नाही, मात्र त्याला निवांत दीड-दोन तास द्यावेत आणि प्रवासाच्या आदल्या रात्रीवर ते ढकलू नये.

लाइनच्या खाली जी दोरी असते तिला बॅकिंग म्हणतात. ती बारीक, विणलेली आणि मजबूत असते. नव्याने शिकणारे तिच्याकडे बहुधा दुर्लक्ष करतात, कारण लहान ओढ्यातल्या ट्राउटमागे ती महिनोन्‌महिने बाहेर येत नाही. तरीही रिळाची सगळी चाल या खालच्या थरावर ठरते, आणि म्हणून या लेखातही सर्वांत जास्त जागा तिलाच दिली आहे. मोठा मासा जोरात पळाला की सुमारे ९० फुटांची, म्हणजे २७ मीटरची लाइन संपते आणि पुढे बॅकिंगच उपयोगी पडते, हे तिचे उघड काम. दुसरे काम रोजचे आहे. रिळाचा गाभा ३ सेंटिमीटर व्यासाचा असेल आणि लाइन थेट त्यावर गुंडाळली, तर एका फेऱ्यात जेमतेम साडेनऊ सेंटिमीटर लाइन आत येते आणि तिची वेटोळीही तेवढीच लहान बनतात. बॅकिंग भरून तोच व्यास ६ सेंटिमीटर केला, तर एका फेऱ्यात जवळजवळ १९ सेंटिमीटर लाइन येते. वेटोळी मोठी राहतात आणि पाण्यावर पडलेली लाइन सरळ होते. लाइनचा आकडा, म्हणजे तिच्या वजनाचा क्रमांक, काठीशी जुळला, बॅकिंग मात्र अपुरे राहिले, अशा रिळावर थंड पाण्यात लाइन स्प्रिंगसारखी गुंडाळत राहते आणि दोष बिचाऱ्या लाइनला दिला जातो.

बॅकिंगचे दोन प्रकार सर्रास मिळतात. एक विणलेले डेक्रॉन आणि दुसरे जेलस्पन. जेलस्पन बरेच बारीक असते, त्यामुळे तेवढ्याच ताकदीची दोरी कमी जागेत मावते; पण ती ताणाखाली बोट कापते आणि सैल गुंडाळली गेल्यास खालच्या वेढ्यांत रुतते. पहिल्यांदा रीळ भरणाऱ्याने डेक्रॉन घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. लाइनचा आकडा ६ पर्यंत असेल तर २० पौंडी आणि त्यापुढे ३० पौंडी डेक्रॉन पुरते. हिमालयातल्या ट्राउटसाठी बहुधा ४ किंवा ५ क्रमांकाची लाइन वापरली जाते. तिथे माशासाठी पन्नास मीटर बॅकिंगही भरपूर होते आणि उरलेले केवळ रीळ योग्य उंचीपर्यंत भरण्यासाठी असते. सोनेरी महसीरची गोष्ट वेगळी आहे. तो प्रवाहाच्या आधाराने खडकांमधून पळतो, त्याच्यासाठी ८ किंवा ९ क्रमांकाची लाइन लागते, आणि तिच्याखाली दीडशे मीटर बॅकिंग मावेल एवढे मोठे रीळच घ्यावे.

डब्यावरील आकडे वाचण्याची सवय लावून घ्यावी. ‘डब्ल्यूएफ-५-एफ’ म्हणजे पुढच्या भागात वजन असलेली, ५ क्रमांकाची, तरंगणारी लाइन. या क्रमांकामागे लाइनच्या पहिल्या ३० फुटांचे वजन असते. ५ क्रमांकाला ते १४० ग्रेन, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम, आणि ८ क्रमांकाला २१० ग्रेन, म्हणजे सुमारे साडेतेरा ग्रॅम. काठीवर लिहिलेला क्रमांक आणि लाइनचा क्रमांक जुळला पाहिजे. रिळाच्या डब्यावर ‘डब्ल्यूएफ-५-एफ आणि २० पौंडी बॅकिंग १०० यार्ड’ असे काहीतरी छापलेले असते. हा आकडा अंदाज म्हणून उपयोगी आहे, त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. सारख्याच क्रमांकाच्या दोन लाइनी लांबीने आणि जाडीने वेगळ्या असू शकतात, आणि ‘डीटी’ म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती असलेली लाइन मधल्या सगळ्या लांबीत जाडच राहत असल्यामुळे ती डब्ल्यूएफपेक्षा बरीच जास्त जागा घेते.

म्हणून मोजून भरण्याची एक जुनी आणि खात्रीची पद्धत आहे. ती उलट्या क्रमाची आहे. रिकाम्या स्पूलवर, म्हणजे रिळातल्या दोरी गुंडाळायच्या फिरत्या भागावर, आधी नवी लाइन गुंडाळायची, तीही तिच्या पुढच्या, म्हणजे माशाकडच्या टोकाकडून. हे टोक गाभ्याला कागदी चिकटपट्टीच्या लहान तुकड्याने तात्पुरते चिकटवावे. पूर्ण लाइन आत गेली की तिच्या मागच्या टोकाला बॅकिंग तसेच चिकटपट्टीने जोडावे आणि ते गुंडाळत जावे. स्पूलच्या कडेपासून किंवा रिळाच्या चौकटीच्या आडव्या दांडीपासून सुमारे ६ ते ८ मिलिमीटर जागा उरली की थांबावे आणि बॅकिंग तिथे कापावे. एवढी मोकळी जागा हवीच, कारण मासा जवळ आला असताना कोणीही वेढे रेखीव घालत नाही. लाइन एका बाजूला साठते आणि काठोकाठ भरलेल्या रिळात ती चौकटीला घासून तिचे वेष्टन सोलले जाते.

आता हे सगळे परत उतरवायचे. बॅकिंगला पुढचे-मागचे टोक नसते, त्यामुळे ते दुसऱ्या एखाद्या रिकाम्या चक्रीवर सरळ गुंडाळून ठेवता येते. लाइनला मात्र दिशा असते, आणि रिळावरून थेट ती विकत येते त्या मूळ चक्रीवर गुंडाळली तर पुढचे टोक बाहेर राहते, जे आपल्याला नको आहे. सोपा उपाय असा की इमारतीच्या गच्चीवर स्वच्छ चादरी अंथरून २७ मीटर लाइन लांब लांब फेऱ्यांत मोकळी मांडावी, किंवा ती आधी एका आणि मग दुसऱ्या चक्रीवर घ्यावी, म्हणजे मागचे टोक पुन्हा वर येते. हा खटाटोप अर्ध्या तासाचा आहे. तो टाळून अंदाजाने भरलेले रीळ पुढे लाइन चौकटीला घासल्यामुळे किंवा अर्धेच भरल्यामुळे पुन्हा सोडावे लागते, तेव्हा पहिल्याच वेळी हा अर्धा तास देण्यात शहाणपण आहे. मोजणी झालेली असल्यास, म्हणजे जुनी लाइन काढून अगदी तीच नवी घालायची असल्यास, जुने बॅकिंग तसेच ठेवावे आणि या पायरीची गरज नाही.

खरे चढवणे सुरू करण्यापूर्वी रीळ कोणत्या हाताने फिरवणार हे ठरवावे. बहुतेक रिळे डाव्या किंवा उजव्या हाताला बदलता येतात आणि त्यासाठी आतील ड्रॅगचा, म्हणजे दोरीला रोध करणारा, भाग उलटावा लागतो. तो बॅकिंग चढल्यावर उलटला तर सगळे पुन्हा उतरवणे आले. हँडल फिरवताना त्याचा वरचा भाग पुढे, म्हणजे आपल्यापासून दूर जावा आणि दोरी रिळात खालच्या बाजूने शिरावी. हँडलच्या बाजूने पाहिल्यास डाव्या हाताचे रीळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने आणि उजव्या हाताचे काट्यांच्या दिशेने दोरी गोळा करते. ड्रॅग लाइन बाहेर जाताना अडवतो आणि आत येताना मोकळा असतो, हे बोटाने स्पूल फिरवून एकदा पाहून घ्यावे.

काठीचा फक्त खालचा तुकडा घेऊन त्यावर रीळ बसवावे. बॅकिंगचे टोक काठीच्या पहिल्या कडीतून मागे आणून रिळाच्या चौकटीतून आत घ्यावे आणि मगच ते गाभ्याला बांधावे. स्पूल बाहेर काढून बांधायची सवय असलेल्यांकडून चौकटीतून दोरी ओवायची राहून जाते. गाभ्याची गाठ सोपी आहे. टोक गाभ्याभोवती फिरवून बाहेर आणावे, त्याने मूळ दोरीभोवती एक साधी गाठ मारावी आणि मग त्याच टोकावर, पहिल्या गाठीपासून दोन-तीन सेंटिमीटर अंतरावर, आणखी एक साधी गाठ मारावी. दोन्ही ओल्या करून मूळ दोरी ओढली की पहिली गाठ सरकत गाभ्याला भिडते आणि दुसरी तिला अडून बसते. उरलेले टोक दोन-तीन मिलिमीटर ठेवून कापावे. गाभा फार गुळगुळीत असेल, विशेषतः जेलस्पन वापरणार असाल, तर दोरी गाभ्यावर नुसतीच घसरत फिरते आणि रीळ फिरले तरी दोरी आत येत नाही. अशा वेळी पहिल्या काही वेढ्यांवर इन्सुलेशन टेपचा एक छोटा तुकडा लावावा. गाभ्याला भोके असतील तर दोरी त्यातूनच ओवून बांधावी.

यानंतरचे पंधरा-वीस मिनिटांचे काम सर्वांत महत्त्वाचे आहे. बॅकिंग ताणून गुंडाळले पाहिजे. ओलसर सुती फडके बोटांत धरून त्यातून दोरी जाऊ द्यावी, चिमटीत चांगला दाब ठेवावा आणि प्रत्येक थर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत समान सरकवत न्यावा. पतंगाच्या आसारीवर सैल गुंडाळलेला मांजा ढील देताना जसा खालच्या वेढ्यांत अडकून तुटतो, तसेच इथे होते: मासा जोरात ओढू लागला की वरचा वेढा खालच्या सैल थरात खचतो, दोरी क्षणभर जागीच अडते आणि लीडर, म्हणजे लाइन आणि गळ यांच्यामधली बारीक दोरी, तुटतो. मासा तोंडात गळ आणि मागे मीटर-दोन मीटर दोरी घेऊन जातो. सोनेरी महसीर आज धोक्यात असलेल्या प्रजातींत मोजला जातो आणि पकडून सोडून देण्याच्या अटीवरच त्याच्यामागे जावे, असे मी मनापासून मानतो. तेव्हा रिळातला सैलपणा ही केवळ आपल्या सोयीची बाब राहत नाही. दोरी अंगठ्याने दाबून पाहिल्यास भरलेले बॅकिंग टणक लागले पाहिजे. मऊ लागले, तर काढून पुन्हा गुंडाळावे.

आता लाइनची जोडणी. नव्या लाइनच्या एका टोकावर ‘हे टोक रिळाकडे’ अशा अर्थाची चिठ्ठी चिकटवलेली असते. ती निघून गेली असेल तर टोके हाताने ओळखावीत. डब्ल्यूएफ लाइनमध्ये वजनाचा जाड भाग पुढे असतो आणि मागची बरीचशी लांबी सारख्या जाडीची, बारीक असते. हे बारीक टोक बॅकिंगकडे जाते. काही उत्पादक पुढच्या टोकाजवळ लाइनचा क्रमांक बारीक अक्षरांत छापतात. पुढचे टोक बुडणारे असलेल्या लाइनीत तो बुडणारा भाग सहसा गडद रंगाचा असतो आणि तो माशाकडेच असावा लागतो. डीटी लाइनला हा प्रश्न नाही, आणि एक टोक झिजल्यावर ती उलटी करून वापरता येते हा तिचा मोठा गुण आहे. चक्रीवरची लाइन बारीक तारांनी किंवा धाग्यांनी बांधलेली असते. मागचे टोक पक्के जोडले जाईपर्यंत हे बंध सोडू नयेत, नाहीतर सगळी वेटोळी एकदम सुटतात.

बऱ्याच आधुनिक लाइनींना दोन्ही टोकांवर कारखान्यातच केलेला लहान फास असतो. तसा तो मागच्या टोकावर असेल तर बॅकिंगच्या टोकाला दोन पदरी घेऊन तीन फेऱ्यांची गाठ मारून मोठा फास करावा. मोठा म्हणजे लाइनची पूर्ण चक्री त्यातून पार होईल एवढा. बॅकिंगचा फास लाइनच्या लहान फासातून ओवावा, मग चक्री त्या मोठ्या फासातून पूर्ण पार करावी आणि हळूहळू ओढावे. दोन्ही फास एकमेकांत समोरासमोर, सारखे बसले पाहिजेत. एकाने दुसऱ्याचा गळा आवळल्यासारखी जोडणी झाली तर ती सोडून पुन्हा करावी, कारण तशा जोडणीत बारीक बॅकिंग लाइनचे वेष्टन कापत जाते. या पद्धतीचा फायदा असा की पुढे लाइन बदलताना काहीही कापावे लागत नाही.

फास नसेल तर नेल नॉट मारावी. त्यासाठी कान साफ करण्याच्या प्लॅस्टिकच्या काडीची, दोन्ही बोळे कापून टाकलेली पोकळ नळी छान चालते. लाइनचे टोक आणि नळी शेजारी शेजारी धरावीत, त्यांच्याबरोबर बॅकिंगचे वीत-दीड वीत मोकळे टोक ठेवावे, आणि मग हे टोक मागे वळवून लाइन, नळी आणि स्वतः बॅकिंग या तिघांभोवती सहा-सात वेढे एकमेकांना लागून घालावेत. शेवटी टोक नळीतून ओवून पलीकडे काढावे, वेढे चिमटीत घट्ट धरून नळी बाहेर ओढून घ्यावी आणि बॅकिंगची दोन्ही टोके आधी हळू, मग जोरात ओढावीत. वेढे लाइनच्या वेष्टनात किंचित रुतलेले दिसले की गाठ बसली. एखादा वेढा दुसऱ्यावर चढला असेल तर तिथे थांबून नव्याने बांधावी. ही गाठ दुरुस्त होत नाही. दोन्ही उरलेली टोके बारीक कापावीत आणि गाठीवर लवचिक राहणाऱ्या गोंदाचा पातळ थर द्यावा. ऑलब्राइट नावाची गाठही बरेच जण वापरतात आणि तीही मजबूत आहे, पण काठीच्या कड्यांतून नेल नॉट जास्त अलगद सरकते असे मला वाटते.

जोडणीची परीक्षा आताच घ्यावी. फडक्याने हात गुंडाळून बॅकिंग आणि लाइन विरुद्ध दिशांना जोराने ओढावी. मग काठी पूर्ण जोडून ही गाठ टोकाच्या कडीपर्यंत सगळ्या कड्यांतून आत-बाहेर नेऊन पाहावी. किंचित टकटक चालते, अडकणे चालत नाही. पाण्यावर पळत्या माशामागे गाठ एकदा कडीत अडकली तर काठीचे टोकही मोडू शकते.

लाइन चढवताना एक मदतनीस असावा. त्याने चक्रीच्या भोकात पेन्सिल घालून दोन्ही हातांनी ती आडवी धरावी, म्हणजे चक्री स्वतः फिरत लाइन सोडेल. चक्री जमिनीवर आडवी ठेवून तिच्या कडेवरून वेटोळी ओढून काढली, तर प्रत्येक वेटोळ्यामागे लाइनला एक पूर्ण पीळ बसतो, आणि नव्या लाइनच्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथेच असते. चक्रीतून लाइन खालच्या बाजूने निघावी आणि रिळात खालच्या बाजूनेच जावी, म्हणजे दोन्ही एकाच दिशेने फिरतात आणि लाइनचा मूळ बाक उलटत नाही. मदतनीस नसेल तर पेन्सिल दोन जाड पुस्तकांच्या मध्ये आडवी दाबून ठेवावी. लाइनवरचा ताण बॅकिंगपेक्षा बराच कमी ठेवावा, फक्त वेढे समान बसतील एवढा; ओढून गुंडाळलेली लाइन तशीच ताणलेली राहते आणि वेटोळ्यांचा ठसा तिच्यावर पक्का होतो. सगळ्या चक्रीबंधांचे तुकडे निघाले आहेत का, आणि चिठ्ठीचा चिकट डाग उरला आहे का, हे पाहत जावे.

शेवटचा मीटरभर भाग बाहेर राहिला की पुढच्या फासाला लीडर जोडावा. ट्राउटसाठी ९ फुटी, निमुळता लीडर नेहमीचा आहे. फास एकमेकांत अडकवताना इथेही वर सांगितल्याप्रमाणे समोरासमोर बसवावेत. लाइनच्या पुढच्या टोकाला फास नसेल तर तिथेही नेल नॉटच मारावी आणि लाइनचे पुढचे टोक गरजेपेक्षा जास्त कापू नये, कारण तिचा निमुळतेपणा तिथेच असतो आणि गळावरचा कीटक पाण्यावर हळुवार उतरतो तो त्यामुळेच.

पहिल्या वापराआधी लाइन एकदा ताणून घ्यावी. बाहेर मोकळ्या जागी टोक कोणाच्या तरी हातात देऊन, किंवा गुळगुळीत खांबाभोवती घेऊन, चार-पाच मीटरच्या टप्प्याने हळू ओढून काही क्षण धरावे. चक्रीवरच्या वेटोळ्यांचा बाक बराच निघतो. सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसून, साध्या पाण्याने पुन्हा पुसून सावलीत वाळवावी. डासांसाठी लावतात त्या मलमांपैकी डीट असलेले मलम लाइनच्या वेष्टनाला विरघळवते, तेव्हा ते लावलेले हात धुतल्याशिवाय लाइनला लावू नयेत. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत रीळ ठेवू नये. कोकणातल्या खाडीत जिताड्यासाठी किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर वापरलेले रीळ त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावे, आणि बॅकिंग ओले झाले असेल तर तेही पूर्ण काढून वाळवावे. खारट ओलावा खालच्या थरात राहिला तर गाभ्याचा धातू खराब होतो.

रिळाच्या आतल्या बाजूला लाइनचा प्रकार, क्रमांक, बॅकिंगचे पौंड आणि चढवल्याची तारीख लिहिलेली लहान चिठ्ठी चिकटवावी. दर हंगामाच्या सुरुवातीला जोडणीची गाठ काठीच्या कड्यांतून एकदा ओढून पाहावी. तिच्याजवळच्या लाइनच्या वेष्टनाला बारीक भेगा दिसल्या तर तेवढा भाग कापून गाठ नव्याने मारावी. मागच्या टोकाचे काही सेंटिमीटर गेल्याने फेकीत फरक पडत नाही.